चर्वणा आणि विघ्ने

भारतीय साहित्यशास्त्राच्या तासाला फळ्यावर 'चर्वणा' असा शब्द लिहिला की वर्गात खसखस पिकतेच. कोणाला 'चर्वितचर्वण' आठवते, कोणाला दावणीची म्हैस आणि तिचा संथ रवंथ. मी हसू देते. कारण विद्यार्थ्यांना सुचलेला हा पहिला अर्थच शब्दाचा मूळ अर्थ आहे, बाकीचा सारा त्यावर नंतर चढला. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताला रसानुभवाचे स्वरूप सांगायचे होते आणि त्यासाठी पाहणे, ऐकणे, समजणे या क्रिया बाजूला ठेवून त्याने चावण्या-चघळण्याची क्रिया निवडली. रस आधी सिद्ध होतो आणि मागाहून प्रेक्षक तो घेतो, असे त्याला म्हणायचे नाही. चर्वणा चालू असते तेवढाच काळ रस असतो, हे त्याचे प्रतिपादन. घास तोंडात घोळतो तोवर चव. गिळला की उरते ती आठवण.

त्याच्या पाठीशी भरत होताच. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना भरत सरळ स्वयंपाकघरात शिरतो. नाना व्यंजने, वनस्पती आणि गुळासारखी द्रव्ये एकत्र येऊन अन्नाला जो स्वाद येतो आणि मन प्रसन्न असलेली माणसे जेवताना तो जसा चाखतात, तसेच नाट्यातल्या भावांचे होते, असा त्याचा दृष्टान्त आहे. कंगल्यांचे 'रसभावविचार' किंवा ग. त्र्यं. देशपांड्यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' ज्यांच्या हाताशी असते त्यांना यात नवे काही नाही. तरीही शिकवताना आपण सारेच भरताच्या दृष्टान्तातले जेवण घाईने उरकतो आणि स्थायी भावांकडे धाव घेतो. प्रश्नपत्रिकेत गुण त्याला असतात, जेवणाला नसतात. २०२१पासून मला मात्र त्या जेवणापाशी थांबावे लागले आहे.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझ्या मामांना कोविड झाला. मामा तासगावच्या बाजूला राहतात. गावच्या सेवा सोसायटीचे सचिव म्हणून निवृत्त झालेले. वीस वर्षांचा मधुमेह, प्राणवायू, स्टेरॉइड असा त्या दिवसांत घरोघरी पाठ झालेला क्रम. त्यातून ते वाचले, घरी आले आणि दहा-बारा दिवसांत डावा गाल बधिर झाला. मग वरचे दात हलू लागले, टाळूवर काळी खपली धरली. म्युकरमायकोसिस हा शब्द तोवर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलेला होता. 'काळी बुरशी' हे त्याचे बोलभाषेतले नाव. मे महिन्यात केंद्राने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले आणि जूनअखेर देशातील नोंदलेल्या रुग्णांचा आकडा ४०,०००च्या वर गेला. अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनासाठी माझे दोन मामेभाऊ तीन जिल्हे फिरले. ते सारे आता पुष्कळांनी लिहिले आहे, मी त्यात भर घालत नाही. शस्त्रक्रियेत मामांचा डोळा वाचला. डावा वरचा जबडा, त्यातले दात आणि टाळूचा जवळजवळ निम्मा भाग गेला.

माणूस वाचला, एवढ्यात आम्ही सगळे समाधानी होतो. टाळू म्हणजे काय, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. तान्ह्या बाळाची टाळू भरतात ती डोक्यावरची. तोंडातली टाळू ही कोणी विचार करावा अशी जागाच नव्हे. व्याकरण शिकवणाऱ्यांना तिचा संबंध येतो तो 'तालव्य' या विशेषणापुरता.

टाळू हे तोंडाचे छत आणि नाकाची जमीन. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत असावी तसे हे आहे, आणि ती पडली की दोन्ही घरांचे कामकाज बंद पडते. आपण घास घेतो तेव्हा दात त्याचे तुकडे करतात एवढेच आपल्याला जाणवते. प्रत्यक्षात जीभ तो घास क्षणोक्षणी वर टाळूवर दाबत असते, तिथल्या आडव्या वळ्यांवर घासून त्याचा पोत ओळखते, मग दाढांखाली लोटते. बाहेरून गाल तो परत आत ढकलतो. शेवटी सारे एकत्र करून, टाळूला टेकून, जीभ तो मागे सारते. त्या क्षणी मागची मऊ टाळू वर उचलली जाते आणि नाकाची वाट बंद होते. पहिला अर्धा भाग आपल्या इच्छेने चालतो, पुढचा आपोआप. मामांची मऊ टाळू बरीचशी शाबूत होती, म्हणजे पुढचा आपोआपचा भाग ठीक होता. पण जीभ वर दाबायला जाई तिथे पोकळी होती. घास वर निसटे. भाताची शिते नाकात जात, आणि ती काढताना जेवण तसेच राही.

आजारी माणसाला पातळ द्यावे, हे आपल्या घरांतले शहाणपण. मामींनीही नळी निघाल्यावर पेज, ताक, मुगाचे कढण सुरू केले आणि ते सगळे नाकावाटे बाहेर येऊ लागले. पातळ पदार्थाला फट पुरते. त्यांना हे उलटे गणित आपोआप उमगले: ओलसर पण घट्ट, धरून राहणारे अन्न सर्वांत सोपे. पिठले, मऊ खिचडी, घट्ट वरण कालवलेला भात, शिरा. त्या उलट चिवडा, भडंग, लाडवाचा चुरा हे शत्रू, कारण त्यांचे कण कुठेही जाऊन बसतात. मामींची ही वर्गवारी मी वहीत लिहून ठेवली आहे. आपल्याकडे पाकशास्त्राची पुस्तके पुष्कळ आहेत, पण पदार्थ तोंडात गेल्यावर कसा वागतो यानुसार रचलेले एकही माझ्या पाहण्यात नाही.

आणि फुरका. मामा आयुष्यभर चहा बशीत ओतून, फुंकर घालून, फुरका मारून प्यायले. त्यांच्या ओसरीवर सकाळी सातला तो आवाज ठरलेला. फुंकर घालायला तोंडात हवा कोंडावी लागते आणि फुरका मारायला तोंडात थोडी निर्वात जागा करावी लागते. नाकाकडे भोक असले की दोन्ही होत नाही. चहा कोमट करून, चमच्याने, मान उजवीकडे कलती ठेवून घ्यावा लागे. ओसरीवरून तो आवाज गेला हे प्रथम कोणाच्या लक्षात आले तर शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या. "सचिव चहा सोडला का?" असे त्यांनी विचारले.

या पोकळीवर उपाय असतो तो ऑब्च्युरेटरचा. लॅटिन भाषेत या शब्दाच्या मुळाशी बुजवणे, बंद करणे हा अर्थ आहे. सोळाव्या शतकातल्या आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने टाळूच्या छिद्रासाठी धातूची चकती आणि वर स्पंज असे साधन वर्णिले आहे; छिद्रात गेलेला स्पंज ओलाव्याने फुगला की चकती जागी राहायची. आजचे साधन गुलाबी ॲक्रिलिकचे. कवळीसारखीच पट्टी, त्यावर गेलेल्या बाजूचे दात, उरलेल्या खऱ्या दातांना पकडणारे तारेचे आकडे, आणि वरच्या अंगाला पोकळीत जाऊन बसणारा गोळा. हा गोळा आतून पोकळ ठेवतात, कारण भरीव केला तर त्याच्याच वजनाने सारे खाली ओघळते. मामांनी हे प्रथम हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि "बूच आहे हे" असा निर्णय दिला. तेव्हापासून आमच्या घरात त्याचे नाव 'बूच'. मामांना लॅटिन येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर लगेच बसवतात ते तात्पुरते. जखम भरत जाते तशी पोकळी आकसते, कडा बदलतात आणि साधन सैल होते. मग दुसरे, काही महिन्यांनी तिसरे, हा या उपचाराचा नेहमीचा क्रम आहे. ज्या रुग्णालयात मामा होते तिथे हा क्रम कोणी सांगितला नाही. "सवय होईल," एवढे सांगून त्यांना घरी सोडले. सैल झालेल्या पहिल्या बुचावर त्यांनी आठ महिने काढले आणि या आठ महिन्यांत तेरा किलो वजन घालवले. गर्दीचे दिवस होते, डॉक्टर थकलेले होते, हे मला मान्य आहे. तरीही जबडा काढणाऱ्याने जेवायचे कसे हे सांगायचे नाही, यात मला आपल्या एकूण आरोग्यव्यवस्थेची वृत्ती दिसते: जीव वाचवणे हे तिचे काम, जगणे हे ज्याचे त्याचे. असो.

आता 'व्यंजना'विषयी. भरताने जेवणातल्या पदार्थांसाठी वापरलेला शब्द आणि आपण वर्णमालेसाठी वापरतो तो शब्द एकच, ही गोष्ट मी वर्गात गमतीची म्हणून सांगत असे. बूच काढून ठेवलेले मामा बोलू लागले तेव्हा ती गंमत राहिली नाही. प, ब, त, द, ट, क हे उच्चारताना हवा तोंडात क्षणभर अडवावी लागते. नाकाची वाट उघडी असेल तर ती अडत नाही. 'बापू'चा 'मामू'सारखा काहीतरी होतो, 'दादा'चा 'नाना'. शाबूत राहतात ती म, न अशी व्यंजने, जी मुळातच नाकाची मदत घेतात. आणि स्वर सगळेच अनुनासिक होतात. मुख आणि नासिका दोन्हींनी उच्चारला जातो तो अनुनासिक, अशी पाणिनीची व्याख्या आहे. बूच नसताना मामांची सगळी भाषा या एका सूत्राखाली येई. सोसायटीच्या वार्षिक सभेत तीनशे लोकांसमोर ताळेबंद वाचून दाखवणारा माणूस फोन उचलेनासा झाला. ताटातली व्यंजने आणि तोंडातली व्यंजने एकाच भिंतीच्या आधाराने उभी असतात, हे मला कोणत्याही ग्रंथाने सांगितले नव्हते.

आमच्यासारखी माणसे अडचणीच्या वेळी पुस्तकांकडे वळतात. तो गुण की व्याधी, हे ठरवणे कठीण. वरचा जबडा आणि टाळू गमावलेल्या माणसाचे दिवसावार म्हणावे इतके तपशीलवार चरित्र कुठे आहे, असे शोधू लागले की पहिले नाव निघते ते सिग्मंड फ्रॉइडचे. समीक्षेच्या अभ्यासक्रमात आपण त्याला भेटतो तो अबोध मन, ईडिपस गंड वगैरे घेऊन. त्याचे अर्धे नामांकित लेखन ज्या तोंडाने बोलत होते ते तोंड कसे होते, हे क्वचितच सांगितले जाते.

१९२३च्या वसंतात, वयाच्या ६६-६७व्या वर्षी, फ्रॉइडच्या तोंडात उजव्या बाजूला गाठ दिसली. एप्रिलमध्ये मार्कुस हायेक या व्हिएन्नातल्या डॉक्टरने बाह्यरुग्ण विभागातच ती काढली. रक्तस्राव इतका झाला की त्यात त्याचा प्राणही गेला असता. त्याच जूनमध्ये त्याचा लाडका साडेचार वर्षांचा नातू वारला. ऑक्टोबरमध्ये हान्स पिख्लर या शल्यवैद्याने उजवा वरचा जबडा आणि टाळूचा मोठा भाग काढला आणि तोंड व नाक वेगळे ठेवणारे एक अवजड साधन बसवले. घरात त्याला नाव पडले 'राक्षस'. पुढे सोळा वर्षे, ३०हून अधिक लहानमोठ्या शस्त्रक्रिया आणि असंख्य दुरुस्त्या यांच्यासह, फ्रॉइड या राक्षसाबरोबर राहिला. एर्नेस्ट जोन्स या चरित्रकाराने आणि माक्स शूर या त्याच्या डॉक्टरने हे सारे नोंदवले आहे, आणि त्या नोंदी वाचताना मला पानोपानी मामा दिसत राहिले. साधन घट्ट बसवले तर जखमा होत, सैल केले तर बोलणे-खाणे अशक्य. ते काही तास काढून ठेवले तर आतले मांस आकसे आणि पुन्हा बसेना. एकदा तर फ्रॉइड आणि त्याची मुलगी अॅना यांनी अर्धा तास खटपट केली आणि शेवटी डॉक्टरला बोलवावे लागले. कीव, हळहळ यांतले काहीही चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, असा करार त्या बापलेकींत झालेला होता. १९३१मध्ये काझांजियन या अमेरिकेतल्या नामांकित दंतशल्यज्ञाला गाठून, मोठी रक्कम देऊन, नवे साधन करवून घेतले गेले. तेही फार काळ सुखाचे ठरले नाही.

उजवा कानही अधू झाला. रुग्णाच्या बोलण्याकडे कान लावून बसणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला आपल्या खोलीतल्या कोचाची आणि खुर्चीची मांडणी डाव्या कानाच्या सोयीने बदलावी लागली. आवाज घोगरा आणि नाकातला झाला. ७ डिसेंबर १९३८ रोजी लंडनमध्ये बीबीसीने केलेले त्याच्या आवाजाचे छोटे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात तो इंग्रजीतून आपल्या कार्याविषयी बोलतो आणि शेवटी जर्मनकडे वळतो. ते मी विद्यार्थ्यांना ऐकवते. बहुतेकांना तो जर्मन माणसाचा इंग्रजी उच्चार वाटतो. मला त्यात एकेक व्यंजन राक्षसाच्या कडेला टेकवून बाहेर ढकललेले ऐकू येते.

आणि तो चारचौघांत जेवणे टाळू लागला. पूर्वी पाहुण्यांत रमणारा हा माणूस घास घेताना कोणी पाहू नये म्हणून जपत असे.

इथे आमच्या विषयातला एक मोह उभा राहतो. १९२५मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दोनच वर्षांनी, फ्रॉइडने नकारावर एक छोटा निबंध लिहिला. एखादी गोष्ट चांगली की वाईट असा निवाडा मन करते, त्याचे मूळ तो तोंडाच्या भाषेत शोधतो: आत घेण्याजोगे आणि बाहेर टाकण्याजोगे, खायचे आणि थुंकायचे, या आदिम भेदातून पुढे सारे बौद्धिक निवाडे उगवले, असा त्याचा विचार आहे. आत-बाहेरची भिंतच गमावलेल्या माणसाने हे लिहावे, हा योगायोग पाहून एखाद्या विद्यार्थ्याने 'चरित्रात्मक समीक्षा' म्हणून पंधरा पाने सहज भरावीत. मी ते मान्य करणार नाही. मुखावस्थेचा त्याचा सिद्धान्त गाठ दिसण्याच्या कितीतरी आधीचा. तो विचार तोंडाच्या भाषेत पूर्वीपासूनच चालत होता. आजाराने त्याला कल्पना दिली असे म्हणणे म्हणजे आजारालाच लेखक करणे. मला त्या निबंधात दिसते ते वेगळे: रोज प्रत्येक घासाला ज्याच्या तोंडात आत-बाहेरचा गोंधळ होई, त्याने त्या निबंधात स्वतःच्या तोंडाविषयी एक अक्षरही लिहिले नाही. ही तटस्थता थोर असेल. पण त्याच्या जेवणाची माहिती आपल्याला त्याच्याकडून न मिळता डॉक्टरांच्या टिपणांतून मिळते, हेही खरे.

अखेरीस त्याने वाचलेले शेवटचे पुस्तक बाल्झाकची 'ला पो द शाग्रँ' ही कादंबरी, जिच्यातले जादूचे कातडे प्रत्येक इच्छेबरोबर आकसत जाते. आकसणे आणि उपासमार यांविषयीचे हे पुस्तक आपल्याला योग्यच आहे, अशा अर्थाचे तो शूरला म्हणाला. २३ सप्टेंबर १९३९ला तो वारला.

मामांना मी फ्रॉइडविषयी सांगितले होते. तो कोण, या प्रश्नात त्यांना रस नव्हता. "त्याला साखर होती का?" एवढे त्यांनी विचारले. नव्हती म्हटल्यावर त्यांना त्याचे सोपे वाटले.

२०२२च्या सुरुवातीला आम्ही त्यांना एका दंतमहाविद्यालयात नेले. कृत्रिम दंतरोपण विभागातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काका, काय खावंसं वाटतं?" आठ महिन्यांत हे कोणी विचारले नव्हते. मग तोंड किती उघडते ते पाहिले. जखमेने जबडा आखडला होता, म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची, असा व्यायाम दिला. मापे, मेण, पुन्हा मापे. बसवल्यावर त्यांनी मामांना पाणी प्यायला लावले, पुढे वाकायला लावले, नाकाखाली बोट धरून पाहिले. मग 'पापड', 'बाबा', 'टोपी' म्हणायला लावले.

अशा रुग्णांचे चावणे मोजण्याच्या रीतीही आहेत, हे मला त्यांच्याकडून कळले. शेंगदाण्यांसारखा पदार्थ ठरावीक वेळा चावायला देऊन, थुंकायला लावून चाळणीने चाळतात आणि कण किती बारीक झाले ते पाहतात. किंवा दोन रंगांचे च्युइंगगम चघळायला देतात आणि रंग किती मिसळले ते तपासतात. गिळणे क्ष-किरणांखाली बघता येते. मोजमापाची ही रीत मला आवडली, तिच्यात भाबडेपणा नाही. उरलेले दात किती आणि कुठे, यावर बरेच ठरते. आकड्यांना धरायला काही हवे ना. मामांचे उजव्या बाजूचे बहुतेक दात जाग्यावर होते, म्हणून त्यांचे चावणे आता समाधानकारक म्हणावे असे आले. वजन हळूहळू भरले. गरम-थंड डाव्या बाजूला कळत नाही, ॲक्रिलिकमधून ते पोचत नाही. माशाचा काटा कळत नाही म्हणून मासे बंद. हुरडा मात्र थोडा-थोडा जमू लागला.

आणि तरी मामा पंगतीला येत नव्हते. लग्न असो, वास्तुशांत असो, ते अहेर पाठवत आणि घरी बसत. आपल्याकडे पंगत म्हणजे आग्रह. "एक तरी घ्याच" या वाक्यातून आपण प्रेम, मान, कधी जुना हिशेबही वाढत असतो, आणि नाही म्हणणाऱ्याने कारण द्यायचे असते. मला वाटे, त्यांना लाज वाटत असावी. एकदा विचारलेच. म्हणाले, "लाज कसली गं? जेवायला बसलं की ध्यान सगळं बुचाकडं. आमटीत मीठ आहे का नाही, ते तुझी मामी विचारती तेव्हा कळतं."

या उत्तरानंतर मी अभिनवगुप्त पुन्हा काढला. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने तो सांगतो आणि ती दूर झालेली निर्विघ्न प्रतीती म्हणजे रस, असे म्हणतो. परीक्षेसाठी पाठ करायच्या याद्यांतली ही एक यादी. विद्यार्थी ती पाचपर्यंत आणतात आणि सोडतात. चौथे विघ्न प्रतीतीच्या उपायांचे वैकल्य, म्हणजे ज्या साधनांनी अनुभव घ्यायचा ती साधनेच अपुरी असणे. वरवर पाहता मामांचे विघ्न हे चौथे. डॉक्टरांची चाळणी त्यावरच उपाय करते, आणि तो तिने केलाही. मामा जे सांगत होते ते मात्र सहावे होते, अप्रधानता: जे मुख्य असायला हवे ते मुख्य न राहणे. त्यांच्या ताटात अन्न गौण झाले होते आणि बूच प्रधान. साधन बिघडलेले असताना तर ते आठवतेच. ते नीट झाल्यावरही त्याची राखण सुटत नव्हती. जिभेला चव कळत होती, माणसाला कळत नव्हती. फ्रॉइडच्या घरात त्याला 'राक्षस' म्हणत, ते त्याच्या आकारामुळे असेल. मला वाटते, पहारा द्यावा लागतो त्या प्रत्येक गोष्टीला ते नाव शोभते.

चावण्याची ताकद चाळणीत दिसते. चावणे विसरण्याची ताकद कशात दिसावी? चर्वणा या शब्दात ती गृहीत धरलेली आहे. भरत जेवणाऱ्याला 'सुमनस्' म्हणतो, तो शब्द मी इतकी वर्षे 'रसिक' असा भाषांतरित करून पुढे जात होते. आता वर्गात मी त्यावर पाच मिनिटे अधिक घालवते. आपल्या सुखदुःखात गुरफटलेला प्रेक्षक हे अभिनवगुप्ताचे तिसरे विघ्न, आणि त्यावर त्याने सुचवलेला उपायही मोठा व्यवहारी आहे: गाणे, वाद्ये, सजवलेला रंगमंडप. प्रेक्षकाला उपदेश करू नका, त्याचे लक्ष दुसरीकडे न्या.

गेल्या वर्षी धाकट्या मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा झाला. घरचेच कार्य, मामांना टाळता येईना. मांडवात भारतीय बैठक, केळीची पाने. मामींनी त्यांना कोपऱ्यातली जागा धरून ठेवली होती. पण पाहुण्यांकडचे एक गृहस्थ हात धरून त्यांना मधोमध घेऊन बसले. गृहस्थ शेजारच्या तालुक्यातले बागाईतदार. वरणभात येईपर्यंत म्हैसाळच्या पाण्याचा विषय निघाला होता, मठ्ठा येईपर्यंत तो पेटला. कोणत्या गावाला पाणी आधी, पट्टी कोणी भरली, कोणी बुडवली. मामा सोसायटीचे आकडे तोंडपाठ सांगू लागले. मध्येच वाढपी आला, जिलबी टाकून गेला. मामांनी ती मोडून खाल्ली. "काय सांगता, आमच्या शिवारात तवा—" असे म्हणत मठ्ठ्याची वाटी उचलली, वाक्य अर्धे ठेवून प्याले आणि वाक्य पुरे केले. मामी दोन पाने पलीकडे होत्या. त्यांचा हात घासासकट थांबला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, मीही त्यांच्याकडे पाहिले नाही.

"मठ्ठ्यात मीठ जास्त झालंय," मामा वाढप्याला म्हणाले.

पंगत उठल्यावर ते परड्यातल्या नळाकडे गेले. बूच काढायचे, धुवायचे, नाकात मिठाच्या पाण्याची पिचकारी मारायची, पुसून पुन्हा बसवायचे. याला दहा मिनिटे लागतात. बागाईतदार सुपारी कातरत थांबले होते. मामा आले, सतरंजीवर टेकले आणि पाणीपट्टी जिथे राहिली होती तिथून पुढे सुरू झाली.